वाचक विचारतात: व्हेनिसमध्ये ऑन द स्पॉट

प्रश्न: ताई, मी हौशी आहे, वॉटरकलर करते. ऑक्टोबरमध्ये आठ दिवस व्हेनिसला जातेय आणि रोज बाहेर बसून काम करायचा प्लॅन आहे. पण माझं नेहमी असं होतं की अर्धं चित्र झालं की ऊन फिरतं, मग सावल्या बदलत बसते आणि शेवटी एकाच चित्रात सकाळ पण असते नि दुपार पण. काय करू?

उत्तर: अगं, हे सगळ्यांचंच होतं, माझं अजूनही होतं. उपाय एकच, तो म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांत फक्त सावल्यांचे आकार पेन्सिलनं पक्के करून टाकायचे, खिडक्या नाही, बाल्कन्या नाही, काही नाही, आणि त्यानंतर ऊन कुठेही जाऊ दे, कागदावरची सावली हलवायची नाही. मन ऐकत नाही, कारण समोर आता अजून सुंदर काहीतरी दिसत असतं, पण ते वेगळं चित्र आहे, उद्याच्या कागदावर घे. फ्रेंच चित्रकार मोने १९०८ साली तिथं गेला होता तेव्हा तोही ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जायचा, वेळ संपली की कॅनव्हास बाजूला, आणि बरीचशी चित्रं त्यानं नंतर घरी पुरी केली, ती १९१२ मध्ये पॅरिसला प्रदर्शनात लागली. म्हणजे जागेवरच संपवलं पाहिजे हा हट्ट त्यानंही धरला नव्हता!

अकादेमिया पुलावरून सांता मारिया देला सालूते या चर्चचे घुमट तू काढणारच, सगळे काढतात. तिथून तू साधारण पूर्वेकडे बघत असतेस, म्हणून सकाळी घुमट उजेडाच्या विरुद्ध असतात, एक निळसर करडा सपाट आकार, डिटेल शून्य. हौशी माणसाला सोपी वेळ हीच, एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात, घुमट होतात. संध्याकाळकडे ऊन घुमटांवर समोरून पडतं नि नक्षी न् नक्षी दिसायला लागते, आणि तिथंच आपण फसतो.

आणि हो, मनोरा तिरका आला म्हणून खोडू नकोस, सान्तो स्तेफानो चर्चचा घंटामनोरा खरंच कललेला आहे.

प्रश्न: माझं कालव्याचं पाणी हिरव्या प्लास्टिकसारखं दिसतं. फोटोवरून दोनदा करून बघितलं.

उत्तर: बहुतेक तुम्ही प्रतिबिंब वरच्या इमारतीइतकंच उजळ रंगवताय. गढूळ हिरव्या पाण्यात उजळ भिंतीचं प्रतिबिंब भिंतीपेक्षा गडद दिसतं आणि गडद नावेचं प्रतिबिंब नावेपेक्षा थोडं फिकं, म्हणजे दोन्ही टोकं मधे सरकतात. एवढं केलं तरी पाणी पाण्यासारखं दिसायला लागतं. शिवाय फोटोत कळत नाही अशी एक गोष्ट जागेवर बघा, भिंतीच्या तळाशी इस्त्रियाचा पांढरा दगड असतो, त्यावर खाली शेवाळाचा काळपट हिरवा पट्टा, त्याच्यावर ओलसर करडा, मग विटा नि पोपडे आलेलं प्लास्टर. हा पट्टा किती दिसतो ते भरती-ओहोटीवर, दिवसातून साधारण दोनदा पाणी चढतं नि उतरतं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास फरक मीटरभरही पडतो. मी एकदा ओहोटीला चार पायऱ्या काढल्या, कॉफी पिऊन आले तर दोनच उरलेल्या. चारच ठेवल्या.

प्रश्न: इझेल कुठं लावायचा? लोक अंगावर येतात म्हणे. आणि ऑइलचं सामान विमानात चालतं का?

उत्तर: पुलांवर आणि अरुंद गल्लीत इझेल नकोच, वाट अडते आणि लोक चिडतात, ते बरोबरच आहे. मांडीवर बोर्ड, छोटं फोल्डिंग स्टूल, आणि भिंतीला पाठ टेकून बसा, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. सान मार्को चौकात मात्र जमिनीवर किंवा पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंड होतो. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट कितीतरी वेळा गोंडोल्यातून रंगवायचा, म्हणून त्याच्या चित्रांत नजर पाण्यालगत असते. तुम्ही पाण्याच्या अगदी कडेला बसलात तरी तसा अँगल मिळतो, फक्त बोट गेली की लाट वर येते, रंगपेटी मागे ठेवा.

ऑइल कलरच्या ट्यूब तेलात घोटलेल्या असतात, बहुतेक चालतात, तरी एअरलाइनला विचारून घ्या. रंग पातळ करायचं टर्पेंटाइन मात्र पेट घेणारं, ते बॅगेत अजिबात नाही, तिथंच घ्या किंवा पाण्यात मिसळणारे ऑइल कलर न्या. आणि ओली पॅनेलं, म्हणजे रंगवलेल्या फळ्या, परत कशी आणणार ते आधी ठरवा, मी एकदा दोन ओली पॅनेलं तोंडाला तोंड लावून बांधली होती, घरी आल्यावर सालूते एकाची दुसऱ्यावर उतरली होती, उलटी.