‘मिस्ट’ खेळताना अडकल्यास वॉकथ्रू पाहावा का?

‘मिस्ट’ हा कोड्यांचा संगणक-गेम सुरू केल्यावर बेटावर नुसते भटकणे होते, काय करायचे ते कोणीच सांगत नाही, तेव्हा वॉकथ्रू, म्हणजे गेमची उत्तरे पायरीपायरीने सांगणारा मार्गदर्शक, उघडून खेळले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे, की पहिल्या वेळी तो अजिबात उघडू नये. या गेममध्ये तुम्हाला अडवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तुम्हाला अजून न कळलेली माहिती. येथे लढायला शत्रू नाहीत, जमवायला शस्त्रे नाहीत, वेळेचे बंधन नाही. शेवटाकडे नेणारी एक-दोन गुपिते ज्याला आधीच ठाऊक आहेत, तो बेट न सोडता काही मिनिटांत गेम संपवू शकतो. उत्तरे दुसऱ्याकडून घेतली, तर खेळण्यासारखे फारसे काही उरत नाही.

रँड आणि रॉबिन मिलर या अमेरिकी भावांच्या ‘सायन’ या कंपनीने १९९३ मध्ये हा गेम प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी काढला. हायपरकार्ड नावाच्या साध्या प्रणालीवर सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे एकमेकांना जोडून त्यांनी हे जग उभे केले. त्या वेळी खोक्यात सीडीसोबत एक कोरी वही दिलेली असे, आणि माझ्या मते गेम कसा खेळायचा याची सर्वांत चांगली सूचना तीच होती. वही-पेन्सिल घेऊनच बसा. दिसलेली चिन्हे, आकडे, खटक्यांची स्थिती, पाट्यांवरचा मजकूर हे सारे उतरवून घ्या. शब्दांत मांडता येत नसेल तर चित्र काढा.

सुरुवात ग्रंथालयाकडे जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या चिठ्ठीपासून करा. ती सावकाश वाचा आणि बेटावर जागोजागी उभे असलेले खटके शोधून एकेक वर करा. मग ग्रंथालयातला भिंतीवरचा नकाशा पाहा: ज्या ठिकाणचा खटका तुम्ही वर केला असेल, ते ठिकाण त्यावर उमटलेले दिसेल. नकाशावरच्या मनोऱ्यावर माउस दाबून धरला की एक रेषा फिरू लागते आणि योग्य ठिकाणावर आली की लाल होते. आता खरा मनोरा त्या दिशेला वळलेला असतो व त्यात चढून गेलात की पुढचा धागा मिळतो. तेथवर कसे चढायचे, ते मात्र ग्रंथालय नीट न्याहाळून तुम्हीच शोधा.

गेमची विचारपद्धती लक्षात यावी म्हणून एकच साखळी सांगतो. मनोऱ्यातल्या एका पाटीवर काही तारखा आणि वेळा कोरलेल्या आहेत. तारांगणाच्या खुर्चीत बसून त्या भरल्या की डोक्यावर त्या-त्या क्षणाचे आकाश दिसते. ग्रंथालयातल्या एका रोजनिशीत नक्षत्रांच्या आकृत्या काढलेल्या आहेत. त्यांतल्या कोणत्या या आकाशाशी जुळतात ते पाहायचे. हौदाभोवतीच्या खांबांवर तीच चिन्हे आहेत, आणि योग्य खांब दाबले की हौदात बुडालेली छोटी नाव वर येते व तिच्याबरोबर धक्क्याजवळ बुडालेले मोठे जहाजही वर येते. यात कोठेही तर्काची मोठी उडी नाही. चार ठिकाणी पाहिलेले चार तुकडे एकमेकांचे आहेत, एवढे ओळखायचे आहे. म्हणूनच अडकल्यावर ‘मी काय करू’ यापेक्षा ‘मी काय पाहून सोडून दिले’ असा विचार केला की वाट बहुधा सापडते.

आवाजाकडेही तेवढेच लक्ष द्या. मी हा गेम भाचीला शेजारी बसवून पुन्हा खेळलो, तेव्हा यंत्रांच्या आवाजांतला फरक तिनेच आधी टिपला आणि वहीत प्रत्येक आवाजापुढे खूण करून ठेवली. बेटावरच्या अग्निबाणातल्या कोड्यात तर सरकत्या पट्ट्यांचे स्वर कानांनीच जुळवावे लागतात. ज्यांना स्वरांतला फरक चटकन कळत नाही, त्यांनी सूर जाणणाऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे.

गेममध्ये सिरस आणि अकेनार हे दोन भाऊ ग्रंथालयातल्या लाल आणि निळ्या पुस्तकांत अडकलेले आहेत; त्या पुस्तकांची हरवलेली पाने आणून दोघांचेही म्हणणे ऐका. एका वेळी एकच पान हाती ठेवता येत असल्याने प्रत्येक ‘युगात’, म्हणजे बेटावरून जेथे जाता येते अशा प्रत्येक वेगळ्या जगात, दोनदा जावे लागते आणि ते कंटाळवाणे वाटू शकते; पण त्यांच्या खोल्या दुसऱ्यांदा धुंडाळताना ही माणसे कशी आहेत ते जास्त स्पष्ट कळते, आणि शेवटचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

आवृत्तीबद्दल म्हणाल, तर संगणकावर २०२१ मध्ये आलेली नवी आवृत्ती नवख्या माणसाला सोपी जाते, कारण तिच्यात मोकळेपणाने फिरता येते. तिच्यात कोड्यांची उत्तरे बदलून घेण्याचीही सोय आहे, त्यामुळे कोणी आधी काही सांगून ठेवले असेल तरी बिघडत नाही.

एका ठिकाणी मात्र मी सवलत देईन. सेलेनिटिक युगात जमिनीखालच्या रुळांच्या चक्रव्यूहातून वाहन न्यायचे असते, आणि दिशा सांगतात ते केवळ आवाज. हे आवाज मेकॅनिकल युगात किल्ला फिरवताना आधीच ऐकू येतात, पण ते युग नंतर खेळणाऱ्याला त्यांचा अर्थ कळणे फार अवघड जाते. त्यामुळे मेकॅनिकल युग आधी पुरे करा आणि तेथे कोणत्या दिशेला कोणता आवाज येतो ते लिहून ठेवा. त्यानंतरही चक्रव्यूहात वाट सापडली नाही, तर फक्त तेवढ्यापुरता वॉकथ्रू उघडा आणि लगेच बंद करा.