लागोसची खाडी आणि बाबांचं इंजिनिअरिंग

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमान अकरा वर्षं लागोसला, इकेजातल्या कारखान्यात. मुलगी तिथल्याच सीबीएसई शाळेत बारावीला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. शाळेच्या बसमधून रोज थर्ड मेनलँड ब्रिज ओलांडते, खाडी बघते, आणि आता म्हणते की पाण्यावर आणि पाण्यातल्या जिवांवर संशोधन करायचं, तेही पुलावरून दिसणाऱ्या लागोस विद्यापीठातच. यजमानांचं म्हणणं, पुण्याला आजीकडे राहून इंजिनिअरिंग कर, ‘खाडीतला गाळ उपसून कुणाचं पोट भरलंय?’ आणि शेवटी तुमची ओळ, ‘तिला जरा समजवा.’

समजवीन, पण सगळं तिच्या विरुद्ध नसेल. हे पत्र यजमानांना वाचून दाखवायला हरकत नाही.

गाळाचं त्यांनी चेष्टेत लिहिलं असेल, पण काम खरोखर गाळ उपसण्याचंच आहे. होडीतून दोरीला बांधलेला लोखंडी जबडा तळाशी सोडतात, तो घमेलंभर गाळ घेऊन वर येतो. गाळ चाळणीवर धुवायचा, मागे उरलेले किडे, अळ्या, शिंपले बाटलीत भरायचे आणि पुढचे कित्येक दिवस सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. एवढा खटाटोप का, तर पाण्याचा नमुना त्या घटकेपुरतंच सांगतो. रात्री कुणी काही सोडलं तर सकाळपर्यंत ते वाहून गेलेलं असतं. तळातला किडा मात्र तिथेच असतो, त्याला बिऱ्हाड हलवता येत नाही. गेल्या काही महिन्यांत त्या जागी काय झालं ते कोण जगलंय आणि कोण मेलंय यावरून कळतं.

तुमच्या मुलीला पुलावरून मकोको दिसतं, खांबांवरच्या घरांची ती वस्ती, आणि जवळच ओकोबाबाच्या लाकूडगिरण्यांचा धूर. तिथला भुसा वर्षानुवर्षं खाडीत पडत आलाय. भुसा दिसायला निरुपद्रवी, पण तळावर त्याची गादी बसली की खालचे जीव गुदमरतात, आणि तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. अशा जागी शेवटी कॅपिटेलासारखे बारीक किडे माजतात, ज्यांना दुसरं कुणी स्पर्धेलाच उरत नाही. म्हणून नमुन्यात जीव पुष्कळ दिसले की नवखा विद्यार्थी खूश होतो आणि त्याचे सर कपाळाला हात लावतात. किती जीव यापेक्षा किती जातींचे जीव, हे आधी बघायचं असतं.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे पंचगंगेत मासे तरंगल्याच्या बातम्या वाचतच मोठ्या झालात. मेलेले मासे बहुतेक वेळा सकाळी का सापडतात, हे कधी मनात आलं होतं का? रात्रभर शेवाळासकट सगळे श्वास घेतात, प्राणवायू कुणीच बनवत नाही, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ज्या मुलीला असे प्रश्न आपणहून पडतात तिला मी सहसा दुसऱ्या वाटेला लावत नाही.

आता थोडं थेट तिच्याशी.

बाळ, तू पिवळ्या पेनाने खुणा करून जोडलेले नायजेरियन विद्यापीठांचे चारही शोधनिबंध मी वाचले. तू विचारलंयस, ‘हे चांगलं संशोधन आहे का?’ प्रश्न आवडला, कारण छापून आलं म्हणजे चांगलंच, असं तू धरलं नाहीस. या विषयातले बरेच निबंध एकाच साच्याचे असतात: नदीवर किंवा खाडीवर तीन-चार ठिकाणं, काही महिने, तापमान, सामू (पीएच), प्राणवायू, क्षार, माशाच्या कल्ल्यात आणि यकृतात शिसं-कॅडमियम किती, आणि शेवटी ‘सरकारने लक्ष घालावं’. हसू नकोस. पैसा नाही, होडी भाड्याची, वीज जाते, यंत्र दुसऱ्या विद्यापीठात, तरी कुणीतरी त्या नदीची त्या वर्षीची नोंद ठेवली. वीस वर्षांनी तीच तुलनेला उपयोगी पडते. पण वाचताना तीन ठिकाणी अडायला शीक.

पहिलं, महिना. लागोसच्या खाडीत पावसाळ्यात ओगुन आणि इतर नद्यांचं गोडं पाणी भरतं, आणि नोव्हेंबरपासून समुद्र हळूहळू आत सरकतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांचंही असंच, जुलैत गोड आणि मे महिन्यात खारट. मग जुलैत मासे कमी आणि फेब्रुवारीत जास्त, याचं कारण प्रदूषण की मीठ? वर्षभराच्या नोंदी नसतील तर सांगता येत नाही. जलपर्णीचंच बघ. १९८४ मध्ये ती शेजारच्या बेनिनकडून पोर्टो-नोव्होच्या खाडीतून नायजेरियात शिरली. कोरड्या दिवसांत पाणी खारट झालं की ती मरते आणि पावसाबरोबर वरून पुन्हा उतरते. जानेवारीत बघणाऱ्याला वाटेल, संकट टळलं.

दुसरं, पद्धत. बीओडी म्हणजे जिवाणूंना पाण्यातली घाण पचवायला लागणारा प्राणवायू. तुझ्या निबंधांत तो २० अंशाला ५ दिवस ठेवून मोजलाय. भारतात प्रमाण पद्धत २७ अंशाला ३ दिवस अशी आहे, कारण आपल्याकडे प्रयोगशाळा २० अंशावर ठेवणं हीच चैन. दोन्ही आकडे शेजारी मांडून नायजेरियाची नदी घाण की महाराष्ट्राची, असा निकाल द्यायला जाऊ नकोस.

तिसरं, मासा कोणता. तुमच्याकडच्या ‘पॉइंट अँड किल’ हॉटेलांत टाकीतला जो मासा बोटाने दाखवायचा आणि पेपर सूपमध्ये खायचा, तो आफ्रिकन मागूर. नायजेरियाची मत्स्यशेती त्याच्यावर उभी आहे. भारतात मात्र याच माशाच्या पैदाशीला बंदी आहे, इथल्या जातींना तो फस्त करतो म्हणून. मागुराला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे प्राणवायू जवळजवळ संपलेल्या डबक्यातही तो शेपूट हलवत असतो. तो जिवंत आहे यावरून पाण्याबद्दल काही म्हणजे काही कळत नाही.

आणि एक गोष्ट सांगते, मग निबंध पुरे. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, ओगोनीलँडमध्ये, तेलगळतीचं सर्वेक्षण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केलं, अहवाल २०११ मध्ये आला. पोर्ट हारकोर्टच्या रिव्हर्स स्टेट विद्यापीठाचे लोक त्या कामात सोबत होते. न्सिसिओकेन ओगाले या गावी पिण्याच्या विहिरीत बेंझीन सापडलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त. सगळा प्रदेश साफ व्हायला २५ ते ३० वर्षं लागू शकतील असा अंदाज त्यांनी दिला. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच अहवालात माशांचं प्रकरण आहे, आणि ते कुणी सांगत नाही. लोकांची भीती होती की मासेच विषारी झालेत. तपासणीत निघालं वेगळं: माशाच्या अंगात साठलेलं तेल हा आरोग्याचा मोठा धोका दिसला नाही, पण मासेमारी बसली होती, कारण तेलाने खारफुटी मारली आणि खारफुटीच्या मुळांतच पिल्लं वाढतात. मासा विषारी नव्हता, त्याची बाळंतिणीची खोली गेली होती. ‘मासे विषारी आहेत’ असं आधीच ठरवून कुणी गेलं असतं तर हे हाती लागलं नसतं. ज्या कामाला तू जाऊ म्हणतेस ते हे. कंटाळवाणं असतं आणि अधूनमधून असं काही दाखवतं.

ताई, आता तुमचा प्रश्न: लागोस विद्यापीठ की भारत?

लागोस विद्यापीठ १९६२ चं, अकोकाला अगदी खाडीच्या काठावर, आणि तिथे सागरी विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. विषयासाठी याहून चांगली जागा मी सांगू शकणार नाही. तरीही पदवीसाठी माझं मत ‘नको’ असं आहे, आणि कारण शिकवण्याच्या दर्जाचं नाही.

तिथल्या सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची संघटना संपावर गेली की वर्ष हातचं जातं. २०२२ मध्ये संप १४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यात मिटला. २०२० मध्येही महामारीच्या जोडीला मार्चपासून डिसेंबरपर्यंत संप होता. त्या प्राध्यापकांच्या मागण्या खोट्या नव्हत्या, पगार आणि विद्यापीठांना मिळणारा पैसा हेच मुद्दे, पण चार वर्षांची पदवी सहा वर्षांवर गेली तर तुमचा हिशेब चुकतो. दुसरं, तुमचं तिथलं राहणं यजमानांच्या नोकरीवर आहे. ती मध्येच संपली तर मुलगी एकटी मागे राहणार का? तिसरं, नायजेरियाच्या सरकारी संस्था, म्हणजे व्हिक्टोरिया आयलंडवरची सागरी संशोधन संस्था किंवा काइंजी धरणाजवळच्या न्यू बुस्साची गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधनाची संस्था, इथल्या कायम नोकऱ्यांची आशा परक्या नागरिकाने धरू नये. आणि परत भारतात यायचं तर तिथल्या पदवीला समकक्षतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल. ते अशक्य नाही, पण कागदपत्रांचा व्याप आहे. एवढं वाचूनही तिथेच घ्यायचं ठरलं तर प्रवेशाची वाट जॅम्बच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय प्रवेश मंडळाच्या, परीक्षेतून जाते. सीबीएसईची बारावी आणि परदेशी विद्यार्थ्याची फी याबद्दल विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या, ओळखीच्या माणसाच्या तोंडी भरवशावर नको.

भारतात यायचं तर आधी तिला विचारा, तू मासा बघतेस की पाणी? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि उत्तर बहुधा पटकन येत नाही.

मासा असेल तर बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, चार वर्षांची. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, शिवाय नागपूर आणि उदगीरला आहेत. पुढे मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. इथे लोक फसतात ते असं: मुलगी साधी बीएस्सी प्राणिशास्त्र करते आणि मग वर्सोव्याला एमएफएससी, त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी, करू म्हणते. तिथल्या बहुतेक विषयांना बीएफएससीच लागते. दार तीन वर्षं आधीच बंद झालेलं असतं, आणि ते कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्यापुढे आणखी एक अडचण आहे. दहावी-बारावी राज्याबाहेर झालेली, त्यामुळे महाराष्ट्राच्या कोट्यातल्या जागांवर डोमिसाईलचा, म्हणजे राज्याचं रहिवासी असण्याचा, प्रश्न येईल. अखिल भारतीय जागा सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून भरतात, तो फॉर्म चुकवू नका.

पाणी असेल तर दोन वाटा. समुद्र आणि खाडीचं विज्ञान हवं तर चांगल्या महाविद्यालयात बीएस्सी, रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र, मग गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर. आणि सांडपाणी साफ कसं करायचं यात तिला रस असेल तर ते पर्यावरण अभियांत्रिकीचं काम, म्हणजे यजमानांचं इंजिनिअरिंगच. बीओडी हा शब्द त्यांच्या कारखान्याच्या सांडपाणी प्लांटवरच्या माणसाला विचारा, तो झोपेतही सांगेल. पण केवळ बाबांचा मान राखायला ही वाट धरू नका. यंत्र चालवण्यात मन नसलेली मुलगी पंप आणि पाइपांच्या चार वर्षांत सुकते, असं मी पाहिलंय.

पगाराचं खरं सांगायचं तर सुरुवातीला कमी. पाणी तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा, पर्यावरण सल्लागार कंपन्या, संस्थांमधली प्रकल्पापुरती पदं. आयटीतल्या चुलतभावाशी तुलना निघणारच, ती जेवणाच्या ताटावर तरी काढू नका. पीएचडीपर्यंत जायची तयारी असेल तरच पुढे बरे दिवस आहेत.

आणि लागोस? ते पीएचडीच्या वेळी. तेव्हा विषय निवडायचा हक्क तिचा असेल, आणि ज्या मुलीने शाळेत असताना खाडी रोज पाहिली तिला तिथे परत जायला कारण असेल. तोपर्यंत वही ठेवू दे. दर पंधरा दिवसांनी, एकाच ठिकाणी, एकाच वेळी: पाण्याचं तापमान, भरती की ओहोटी, आदल्या दिवशी पाऊस होता का, क्षारता (कोळंबीवाले वापरतात तो छोटा रिफ्रॅक्टोमीटर पुरे), आणि पाणी किती गढूळ ते. गढूळपणासाठी बादलीचं झाकण आडव्या-उभ्या रेषांनी चार भागांत वाटून आळीपाळीने काळं-पांढरं रंगवायचं, खाली वजन बांधायचं, मध्ये गाठी मारलेली दोरी बांधायची, आणि पाण्यात सोडून ते कुठल्या गाठीला दिसेनासं होतं ते लिहायचं. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत नोंदी झाल्या तर मीठ वर चढताना तिला स्वतःच्या वहीत दिसेल.

एकटीने होडीत बसायचं नाही. मकोकोत ओळखीच्या माणसाशिवाय जायचं नाही, आणि तिथल्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, ती कुणाची तरी घरं आहेत. धक्क्यावरून दोरी सोडली तरी चालते. दोरीचं दुसरं टोक धरायला रविवारी यजमानांना पाठवा.

सीयूईटीच्या तारखा जाहीर झाल्या की मला पुन्हा लिहा, वहीच्या पानांचे फोटोही जोडा.

तुमची,
मार्गदर्शक ताई, पुणे