जप्तीच्या फोटोनंतर पुढे काय?

प्रश्न : आमच्या स्थानिक दैनिकात सतत ‘अमली पदार्थांचा साठा जप्त’ अशी बातमी असते. टेबलावर पुड्या, मागे पोलीस, तोंडावर कापड घेतलेली दोन पोरं. त्यांचं पुढे काय झालं, ते कधीच का कळत नाही?

उत्तर : गुन्ह्यांचं पान मी १९ वर्षं सांभाळलं, त्यामुळे यातला अर्धा दोष माझ्याच पदरात.

जप्तीची बातमी आयती येते. पान सुटायला २० मिनिटं उरलेली असताना प्रेसनोट आणि फोटो हातात पडतो. खटला मात्र वर्षानुवर्षं चालतो. तोवर बातमीदाराची बीट, म्हणजे नेमून दिलेला विषय, बदललेली असते. आणि ती ‘बाजारभावाने किंमत’! बहुतेक वेळा ती भेसळीसकट सगळं वजन धरून, सर्वांत छोट्या पुडीच्या भावाने काढलेली असते. मी तो आकडा डोळे मिटून मथळ्यात घेत असे. ‘गर्दुल्ला’ हा शब्दही. अरुंद कॉलमात नेमका बसायचा, दुसरं काही कारण नाही. ‘असोसिएटेड प्रेस’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१७च्या शैलीपुस्तिकेत माणसाला ‘व्यसनी’ असं बिरुद लावू नका, असं सांगितलं. तेव्हा मला माझे जुने मथळे आठवले.

नीट काम कसं होतं, ते अमेरिकेतल्या ‘चार्ल्स्टन गॅझेट-मेल’ या दैनिकाचे बातमीदार एरिक आयर यांनी दाखवलं. छाप्यांमागे न धावता ते कागदांमागे लागले. पुरवठ्याच्या नोंदी मिळवायला वृत्तपत्राला कोर्टात झगडावं लागलं. हाती आलेला हिशोब असा : वेस्ट व्हर्जिनिया या राज्यात ६ वर्षांत व्यसन लावणाऱ्या ७८ कोटी वेदनाशामक गोळ्या. जेमतेम ४०० वस्तीच्या कर्मिट गावात एकाच औषधदुकानाला २ वर्षांत सुमारे ९० लाख! पत्रकारितेसाठीचं २०१७चं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं. छाप्याच्या फोटोत घाऊक वितरक थोडाच उभा असतो?

एकदा एक आई कचेरीत आली. मुलाकडच्या गोळ्यांत अमली काहीच नव्हतं, असा प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या पिशवीत होता. त्याच्या अटकेची बातमी आम्ही चार कॉलमी लावली होती. खुलासा छापला सहा ओळींचा, आतल्या पानावर, निविदांच्या खाली.

तुम्ही एक करा. कात्रण तारखेसकट ठेवा आणि सहा महिन्यांनी संपादकांना विचारा, ‘याचं काय झालं?’ माझ्या १९ वर्षांत असं पत्र एकही आलं नाही. ती आई तेवढी आली.