आतड्यात स्टेंट टाकतात म्हणजे नेमकं काय करतात? ऑपरेशन टळतं का?

हृदयात टाकतात तसाच प्रकार, फक्त आकाराने बराच मोठा. निकेल-टायटॅनियमच्या जाळीची नळी असते, दाबून बारीक केलेली, ती कोलोनोस्कोपीतून (शौचाच्या जागेतून आत घालतात त्या कॅमेऱ्याच्या नळीतून) आणि एक्स-रे बघत बघत अरुंद झालेल्या जागेतून पलीकडे नेतात आणि सोडतात, मग ती आपोआप फुलत जाते, पूर्ण फुलायला १-३ दिवस लागू शकतात. पोट कापावं लागत नाही.

ऑपरेशन टळेलच असं नाही हं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने रस्ता बंद झाला असेल तर बऱ्याचदा स्टेंट टाकून आधी पोट मोकळं करतात, पेशंट सावरला की मग नीट तयारीनिशी ऑपरेशन, त्यामुळे पोटावर शौचासाठी पिशवी लावायची वेळ कमी जणांवर येते. आजार खूप पसरला असेल तर मात्र स्टेंटच कायमचा ठेवतात.

धोके पण विचारून घ्या: आतडं फाटणं, स्टेंट सरकणं, गाठ जाळीतून वाढून परत बंद होणं. नंतर चोथा कमी असलेलं खाणं आणि शौच मऊ ठेवणं गरजेचं. अचानक जोरात पोट दुखलं, ताप आला किंवा उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.