वाचकांचे प्रश्न : सूर्याची फेरी आणि शुक्राचे ज्वालामुखी

प्रश्न : पावसाळा सरल्यापासून मी गच्चीवर छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून डागांच्या जागा पेन्सिलीने टिपत आहे. मध्यावरचा डाग साधारण आठवड्याने कडेला जातो, म्हणजे पूर्ण फेरी सुमारे सत्तावीस दिवसांची होते. पुस्तकात मात्र पंचवीस दिवस दिले आहेत. खरे काय मानावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत. सूर्य ज्या दिशेने स्वतःभोवती फिरतो, त्याच दिशेने पृथ्वीही त्याच्याभोवती पुढे सरकत असल्यामुळे तोच डाग पुन्हा आपल्यासमोर येण्यासाठी सूर्याला एका फेरीहून थोडे अधिक वळावे लागते. ताऱ्यांच्या संदर्भात २५.३८ दिवसांत पुरी होणारी फेरी म्हणूनच पृथ्वीवरून सुमारे २७.२८ दिवसांची दिसते.

हा आकडाही सबंध सूर्याला लागू पडत नाही. इंग्लंडचे रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १८५३ ते १८६१ या काळात डागांच्या जागा चिकाटीने मोजल्या, तेव्हा विषुववृत्ताजवळचे डाग दूरच्या डागांपेक्षा लवकर फेरी पुरी करतात हे आकड्यांनिशी सिद्ध झाले. विषुववृत्तावर ही फेरी सुमारे २५ दिवसांची, तर ध्रुवांपाशी सुमारे ३५ दिवसांची असते. सूर्य घन गोळा नसल्यामुळेच हे शक्य होते. पृष्ठभागावरील सूक्ष्म कंपनांच्या अभ्यासातून असेही दिसले, की वेगातला हा फरक त्रिज्येच्या वरच्या सुमारे तीस टक्के भागापर्यंत टिकतो आणि त्याखालचा भाग जवळपास एकसंधपणे फिरतो. ही कंपने अखंड टिपणाऱ्या सहा वेधशाळांच्या जागतिक साखळीत उदयपूरची सौर वेधशाळा आहे. आपला उपक्रम अवश्य चालू ठेवावा. मात्र दुर्बिणीला कोणीही, विशेषतः घरातल्या मुलांनी, डोळा लावणार नाही याची काळजी घ्यावी.

प्रश्न : शुक्र सदैव ढगांनी झाकलेला असताना तिथला ज्वालामुखी जागा आहे हे कसे कळले?
— एक विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. मॅगेलन यानाने अशा लहरींनी शुक्राचे नकाशे तयार केले होते. त्यांतील फेब्रुवारी आणि ऑक्टोबर १९९१ च्या प्रतिमा रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी ताडून पाहिल्या, तेव्हा माट मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावरील एक मुख आठ महिन्यांत सुमारे दोन चौरस किलोमीटरवरून चार चौरस किलोमीटरपर्यंत रुंदावल्याचे आढळले. दोन्ही वेळी यान वेगवेगळ्या कोनांतून पाहत होते, त्यामुळे हा नुसता दृष्टिभ्रम नाही ना, हे त्यांना संगणकीय प्रतिरूपांनी तपासावे लागले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी इटलीच्या संशोधकांनी त्याच यानाच्या नोंदींतून आणखी दोन ठिकाणी ताज्या लाव्हाच्या खुणा दाखवल्याने, एका मुखावर उभा असलेला हा दावा, आमच्या मते, बराच भक्कम झाला आहे.

गुरूच्या आयो या चंद्राबाबत असा काथ्याकूट करावा लागला नाही. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर १ च्या प्रतिमा तपासताना लिंडा मोराबितो यांना त्याच्या कडेबाहेर उसळलेला फवारा चक्क दिसला. मंगळावर प्रचंड ज्वालामुखी आहेत, परंतु तिथे चालू उद्रेक अद्याप कोणी पाहिलेला नाही.