चाचण्यांची सुरुवात दंडाच्या हिशेबापासून

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ जँगोमध्ये (पायथनमधील संकेतस्थळे बनवण्याच्या चौकटीत) केलेले आहे. मुदतीनंतर पुस्तक परत आल्यास दररोज २ रुपये दंड आकारला जातो. कोडमध्ये काही बदल केला की सगळी पाने हाताने उघडून तपासावी लागतात, आणि तरीही काहीतरी निसटतेच. ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारी चाचणी, एकही नाही. सुरुवात कोठून करावी? टेस्ट चालवताना सभासदांची खरी माहिती पुसली जाईल का?

उत्तर : आधी भीतीविषयी. टेस्ट चालवण्याची आज्ञा दिली की जँगो मूळ डेटाबेसला हात न लावता ‘टेस्ट’ हा शब्द नावाआधी जोडलेला वेगळा, रिकामा डेटाबेस तयार करतो आणि काम संपल्यावर तो काढून टाकतो. शिवाय ‘टेस्टकेस’ या वर्गातली प्रत्येक चाचणी स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसमधील एकत्र रद्द करता येणाऱ्या बदलांच्या गटात) चालते व शेवटी ते मागे घेतले जाते; त्यामुळे एका चाचणीत घातलेला सभासद दुसरीत सापडत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल, तर त्यातील युजरला नवा डेटाबेस तयार करण्याची परवानगी नसल्यामुळे पहिल्याच वेळी एरर येण्याचा संभव आहे. ती परवानगी आपल्या कामाच्या संगणकावर द्यावी. चालू सर्व्हरवर चाचण्या चालवण्याचे कारणच नाही.

आता सुरुवातीविषयी. लॉगिनचे पान किंवा सगळी मॉडेल्स (डेटाबेसमधील तक्त्यांचे वर्ग) ओळीने घेण्याचा मोह आवरावा आणि चूक झाली तर काउंटरवर वाद होईल असा नियम, म्हणजे तुमच्या बाबतीत दंडाचा हिशेब, प्रथम घ्यावा. हा हिशेब बहुधा व्ह्यूच्या, म्हणजे पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडच्या, आत इतर ओळींत मिसळलेला असेल. तो बाहेर काढून, मुदतीची आणि परतीची तारीख घेऊन रक्कम सांगणारे छोटे फंक्शन करावे. मुदत १५ जूनची असेल, तर १५ जूनला दंड शून्य आणि १६ जूनला २ रुपये, या दोन चाचण्या पहिल्या दिवसाला पुरेत. चाचणीच्या मेथडचे नाव ‘टेस्ट’ने सुरू होत नसेल, तर ती कोणतीही तक्रार न होता वगळली जाते, म्हणून शेवटी किती चाचण्या चालल्या तो आकडा पाहावा. फंक्शनमधला ‘२’ मुद्दाम ‘३’ करून चाचणी खरोखर नापास होते का, हेही एकदा पाहून घ्यावे.

तिसरी चाचणी मात्र वेळेची लिहावी, कारण भारतातल्या संकेतस्थळांत ही चूक वारंवार आढळते. टाइमझोनची सोय चालू असताना जँगोचे ‘टाइमझोन.नाऊ’ यूटीसीतील (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेतील) वेळ देते आणि त्यावरून थेट तारीख काढली, तर आपल्याकडे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत आदल्या दिवसाचीच तारीख मिळते. सभासदाने १७ जूनला मध्यरात्रीनंतर एक वाजता थकबाकी पाहिली तर २ रुपये दिसतील आणि सकाळी काउंटरवर ४ रुपये मागितले जातील. चाचणीत ‘मॉक’ (खऱ्या फंक्शनऐवजी ठेवलेली नकली प्रत) वापरून घड्याळ त्या वेळेवर थांबवावे आणि ४ रुपयांची अपेक्षा ठेवावी; ती नापास झाली की कोडमध्ये स्थानिक तारीख देणारे ‘लोकलडेट’ वापरावे व सेटिंग्जमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ आहे याची खात्री करावी. दिवसा काम करणाऱ्या माणसाला ही चूक हाताने तपासून सापडणे जवळजवळ अशक्य आहे.

एवढे जमल्यावर ‘टेस्ट क्लायंट’कडे वळावे. तो ब्राउझर न उघडता पान मागवतो आणि उत्तरात योग्य रक्कम आहे का ते पाहता येते. उत्तराचा कोड २०० (ठीक) ऐवजी ३०२ (दुसऱ्या पानाकडे पाठवणी) मिळाला, तर बहुधा लॉगिन राहिलेले असते. ‘फोर्स लॉगिन’ने ते भागते. सेलेनियम या साधनाने खरा ब्राउझर चालवणाऱ्या चाचण्या संथ असतात, त्यांची घाई नको. यापुढे सभासदाने चूक कळवली की दुरुस्तीआधी ती पकडणारी चाचणी लिहावी. किती टक्के कोड चाचण्यांखाली आला या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रश्न : चाचणी चालवताना सभासदांना खरोखर ईमेल आणि एसएमएस जातील का?

उत्तर : जँगोच्या स्वतःच्या सोयीने पाठवलेले ईमेल चाचणीत बाहेर जात नाहीत, ते स्मृतीतल्या ‘आउटबॉक्स’मध्ये जमा होतात आणि तेथे विषय, पत्ता व मजकूर तपासता येतो. एसएमएसला असे संरक्षण नाही. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला (गेटवेला) विनंती पाठवणारे फंक्शन प्रत्येक चाचणीत मॉक करावे, अन्यथा संदेश खरोखर जाईल आणि त्याचे पैसेही लागतील.