परदेशी बाजारासाठी इंडेक्स फंड की सक्रिय फंड?

प्रश्न : माझे वय 43 असून निवृत्तीच्या तरतुदीसाठी दरमहा 10,000 रुपये परदेशी शेअर बाजारात गुंतवावेत, असा विचार आहे. एस अँड पी 500 या अमेरिकेतील सुमारे 500 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकावर आधारित इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घ्यायचे मी जवळजवळ ठरवले होते. परंतु आमच्या वितरकांचे म्हणणे असे की, भारतातल्या कंपन्या आपल्याला निदान ऐकून तरी ठाऊक असतात, परदेशातले आपल्याला काय कळणार, तिथे तज्ज्ञ व्यवस्थापकच हवा. त्यांनी सुचवलेल्या सक्रिय फंडाचा, म्हणजे व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो अशा फंडाचा, गेल्या 3 वर्षांचा परतावाही चांगला दिसतो. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वितरकांचा युक्तिवाद ऐकताना पटतो, पण माझ्या मते तो नेमका उलटा आहे. ज्या बाजारातील कंपन्या आपल्याला ठाऊक नाहीत, तिथल्या व्यवस्थापकाचे यश कौशल्याचे की नशिबाचे, हे तरी आपण कशावरून पारखणार? आपले अज्ञान तज्ज्ञ नेमल्याने नाहीसे होत नाही; ते कंपन्यांच्या निवडीवरून व्यवस्थापकाच्या निवडीवर सरकते, इतकेच.

1990 चे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 मध्ये यामागचे साधे गणित मांडले होते. सर्व सक्रिय गुंतवणूकदार मिळून बाजारच होतात, त्यामुळे खर्चापूर्वी त्यांचा सरासरी परतावा बाजाराइतकाच असतो आणि खर्च वजा जाता तो बाजारापेक्षा कमी भरतो. हे गणित मुंबईला लागू आहे तसेच न्यूयॉर्कलाही. सक्रिय फंडांची निर्देशांकांशी तुलना करणाऱ्या ‘स्पिव्हा’ या नियतकालिक अहवालांत 15 वर्षांच्या मुदतीत अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या दर दहा सक्रिय फंडांपैकी सुमारे नऊ एस अँड पी 500 च्या मागे राहिलेले दिसतात. हा अहवाल काढणारी संस्था स्वतः निर्देशांकांचा व्यवसाय करते, हे खरे. परंतु मध्येच बंद पडलेले फंडही ती हिशोबात धरते, जे फंड कंपन्यांच्या जाहिरातींत कधीच दिसत नाहीत.

तीन वर्षांच्या परताव्याबद्दल दोन गोष्टी तपासाव्यात. तो रुपयांत दिला असेल, तर त्यात रुपयाच्या घसरणीचा वाटा असतो. 2011 च्या सुरुवातीला 45 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 च्या सुरुवातीला 85 रुपयांपलीकडे गेला होता, आणि या वाढीचे श्रेय कोणत्याही व्यवस्थापकाचे नव्हे. दुसरे म्हणजे, तुलना लाभांश धरून काढलेल्या निर्देशांकाशी आणि तीही रुपयांतच केलेली असावी.

आता खर्च. भारतात मिळणारे परदेशी सक्रिय फंड पुष्कळदा फीडर स्वरूपाचे असतात. म्हणजे इथली योजना पैसे गोळा करते आणि परदेशातल्या मूळ फंडाचे युनिट घेते. अशा वेळी इथला खर्च आणि मूळ फंडाचा खर्च असे दोन्ही आपल्याच खिशातून जातात. योजनेच्या माहितीपत्रकात तसा उल्लेख असतो. दोन्ही आकड्यांची बेरीज करूनच तुलना करावी. आपल्या 10,000 रुपयांच्या एसआयपीवर 20 वर्षे वार्षिक 11 टक्के परतावा मिळाला असे गृहीत धरले, तर साधारण 86.5 लाख रुपये जमतात. त्या 11 टक्क्यांतून दरवर्षी 1 टक्का खर्चात गेला, तर 76 लाख. आपण भरणार एकूण 24 लाख, आणि एका टक्क्याने जाणार साडेदहा लाख! वितरकांकरवी न घेता डायरेक्ट प्लॅन घेतल्यास इंडेक्स फंडाचाही खर्च आणखी उतरतो, हे आपले वितरक आपणहून सांगतील अशी अपेक्षा नाही.

मात्र इंडेक्स म्हणजे आपोआप सुरक्षित विभागणी, असा समज करून घेऊ नये. अमेरिका व कॅनडा वगळून विकसित देशांच्या बाजारांचा मागोवा घेणाऱ्या एमएससीआय ईएएफई निर्देशांकात 1980 च्या दशकाच्या अखेरीस एकट्या जपानचा वाटा निम्म्याहून अधिक होता. जपानच्या निक्केई निर्देशांकाने 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 ही पातळी गाठली; ती पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडावा लागला. 1990 च्या दशकात बऱ्याच सक्रिय व्यवस्थापकांनी त्या निर्देशांकाला मागे टाकले ते जपानमध्ये कमी पैसे ठेवल्यामुळे. तो एका निर्णयाचा विजय होता, शेअर निवडण्याच्या हातोटीचा नव्हे. तरीही निर्देशांकात जे फुगले आहे तेच आपण अधिक विकत घेतो, हा धोका त्यातून स्पष्ट दिसतो. आज विकसित देशांच्या एमएससीआय वर्ल्ड निर्देशांकात अमेरिकेचा वाटा सुमारे 70 टक्के आहे. उदयोन्मुख देशांच्या निर्देशांकाचे वेगळेच दुखणे आहे : त्यात भारताचाही मोठा वाटा असतो, म्हणजे परदेशासाठी बाजूला काढलेल्या पैशांतला काही भाग फिरून घरीच येतो. तिथे, तसेच छोट्या कंपन्यांच्या बाबतीत, खर्च माफक असेल आणि व्यवस्थापक वारंवार बदलत नसतील, तर सक्रिय फंडाचा विचार करायला माझी हरकत नाही.

आपल्यासाठी माझे मत असे : अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांसाठी इंडेक्स फंडच घ्यावा आणि मूळ बेत बदलू नये. करामुळे या निवडीत फरक पडत नाही, कारण अशा दोन्ही प्रकारच्या योजनांची युनिट 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवून 1 एप्रिल 2025 नंतर विकल्यास नफ्यावर सारखाच, 12.5 टक्के कर (अधिक उपकर) लागतो. देशी इक्विटी फंडांना मिळणारी सव्वा लाखाची सवलत मात्र इथे नाही.

प्रश्न : नॅसडॅक 100 या अमेरिकी निर्देशांकाचा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) बाजारात त्याच्या एनएव्हीपेक्षा, म्हणजे प्रत्येक युनिटच्या मूळ मूल्यापेक्षा, बराच महाग मिळतो. तरी घ्यावा का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर संपूर्ण उद्योगासाठी 7 अब्ज डॉलरची आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी 1 अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ही मर्यादा भरत आल्याने 2022 पासून अनेक योजनांनी नवे पैसे घेणे अधूनमधून थांबवले. ईटीएफची नवी युनिट तयार होईनाशी झाली की आहे त्याच युनिटवर खरेदीदारांची झुंबड उडते आणि भाव मूळ मूल्यापासून सुटतो. 100 रुपयांचे युनिट आपण 112 रुपयांना घेतले आणि पुढे मर्यादा सैल होऊन हा फरक मिटला, तर नॅसडॅक जागचा न हलताही जवळपास 11 टक्के तोटा होईल. खरेदीपूर्वी फंड कंपनीच्या संकेतस्थळावर दिवसभर बदलणारी आय-एनएव्ही (युनिटचे त्या क्षणीचे अंदाजे मूल्य) पाहावी आणि ठरावीक भाव टाकूनच, म्हणजे लिमिट ऑर्डरनेच, खरेदी करावी. फरक एक-दोन टक्क्यांपलीकडे असेल, तर त्याच निर्देशांकाचा नवे पैसे स्वीकारणारा इंडेक्स फंड शोधावा. फंड ऑफ फंड (दुसऱ्या फंडांची युनिट घेणारी योजना) निवडायचा झाल्यास तो परदेशातला ईटीएफ घेतो की इथलाच महागलेला, हे आधी विचारून घ्यावे.